कापलेल्या प्रसंगांचा खेळ: ‘द सिथ लॉर्ड्स’ आणि त्याचा रिस्टोअर्ड मॉड

‘कोटॉर २’, म्हणजे ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ – द सिथ लॉर्ड्स’ हा व्हिडिओ गेम, आज कुणी नव्याने खेळायला घेतला तर त्याला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी टीएसएलआरसीएम टाक, मग सुरू कर. हे आद्याक्षरांचं लांबलचक नाव म्हणजे ‘द सिथ लॉर्ड्स रिस्टोअर्ड कंटेंट मॉड’. मॉड म्हणजे खेळात बदल करणारी, बाहेरच्यांनी केलेली भर; हा मॉड खेळातून कापलेले प्रसंग परत आणतो. चाहत्यांनी फुकट केलेलं हे काम आता मूळ खेळाचाच भाग धरलं जातं. मॉडशिवायचा खेळ कधी पाहिलाच नाही असे खेळाडू भरपूर आहेत. त्यामुळे एखादा प्रसंग मूळ लेखकांचा की मॉडवाल्यांचा, यावरून वाद झाला की दोन्ही बाजूंना पुरेपूर खात्री असते आणि मूळ प्रत मात्र कुणीच उघडून पाहिलेली नसते. ही पार्श्वभूमी त्या गोंधळापुरती.

२००३ च्या पहिल्या भागाबद्दल इथे काही सांगत नाही. तो माहीत नसेल तर दुसऱ्याकडे येण्यातच अर्थ नाही. दुसरा भाग वेगळ्या, तेव्हा नुकत्याच उभ्या राहिलेल्या स्टुडिओकडे गेला. इंजिन जुनंच होतं, नियमही जुनेच, हाताशी वेळ मात्र सव्वा वर्षाच्या आसपास. एक्सबॉक्सवर तो डिसेंबर २००४ मध्ये आला, म्हणजे अमेरिकेतल्या नाताळच्या खरेदीच्या मोसमात, आणि पीसीवर फेब्रुवारी २००५ मध्ये. लिखाण असं की आजही त्याची बरोबरी करणारे खेळ मोजकेच. नायकाला शिकवणारी क्रेया हे पात्र ज्याने ऐकलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. शेवट मात्र असा, की शेवटची पानं फाटलेली कादंबरी वाचनालयातून घरी आणावी.

मालाकोर या शेवटच्या ग्रहावर उतरताना नायकाचं इबॉन हॉक जहाज कोसळतं. थोड्या वेळाने तेच जहाज धडधाकट अवस्थेत नायकाला न्यायला येतं. मधे काय झालं हे सांगायची तसदी कुणी घेतलेली नाही. नायकाचा सोबती बाओ-डर कुठे गेला? तो नाहीसाच होतो. त्याचा छोटा उडता यंत्रसोबती, म्हणजे रिमोट, एकटा उरलेलं काम करायला निघतो, गोटो हा गोलमटोल ड्रॉइड (यंत्रमानव) त्याला अडवतो, दोघं समोरासमोर येतात आणि दृश्य तुटतं. पुन्हा कधीच जोडलं जात नाही. एचके-५० नावाचे मारेकरी ड्रॉइड अख्खा खेळभर आपल्या मागे लागतात, आपल्या बाजूचा ड्रॉइड एचके-४७ त्यांच्या कारखान्याचा छडाही लावतो, पण तिथे जायची वाटच खेळात नाही.

दोष कुणाचा, यावर चाहत्यांनी बरीच वर्षं एकच कथा सांगितली: हावरट प्रकाशक, बिचारे कलावंत. ही कथा सोयीची आहे. खुद्द मुख्य लेखकाने मात्र नंतरच्या मुलाखतींत कबूल केलं आहे की हातातल्या वेळेच्या मानाने घेतलेला घास मोठा होता आणि काय सोडायचं हे लवकर ठरायला हवं होतं. माझ्या मते दोन्ही खरं आहे, फक्त दुसरं कमी वेळा सांगितलं जातं.

मॉडची गोष्ट शक्य झाली ती एका निष्काळजीपणामुळे. कापलेला बराच माल डिस्कवरून पुसलेलाच नव्हता. या खेळात प्रत्येक संभाषण फांद्याफांद्यांच्या झाडासारखं साठवलेलं असतं. एखादी फांदी ‘कापायची’ तर अनेकदा तिच्याकडे जाणारी अट कधीच पूर्ण होणार नाही एवढंच केलं जातं. वाक्य जागेवर, आवाजाची फाइल जागेवर, काही ठिकाणी तर कलाकाराने ते वाक्य कोणत्या सुरात म्हणावं याची लेखकाची टीपही तशीच. खेळ येऊन फार दिवस झाले नव्हते तोवर लोकांनी फोल्डर उघडून हे आवाज ऐकायला सुरुवात केली होती. खेळात कुठेही नसलेलं, पण नामांकित कलाकारांनी रीतसर ध्वनिमुद्रित केलेलं भांडण आपल्या टेबलावरच्या स्पीकरमधून ऐकू येणं, याची झिंग काय असेल ते ज्याचं त्याने ताडावं.

पहिल्या मोठ्या गटाने हे काम लगोलग अंगावर घेतलं. बेत भव्य होता, मधूनमधून पडद्याची चित्रं यायची, ‘लवकरच’ हा शब्द वर्षानुवर्षं चालला. मॉड पूर्ण झाला नाही. शेवटी त्याची अर्धवट प्रत बाहेर फुटली. दुसऱ्या, मूठभर लोकांच्या गटाने वेगळी सुरुवात करून २००९ मध्ये चाचणीची आवृत्ती खुली केली आणि सुधारत सुधारत २०१२ मध्ये १.८ पर्यंत आणली. आज लोक ज्याला टीएसएलआरसीएम म्हणतात ते या दुसऱ्या गटाचं.

साधनांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हा मॉड इतरांच्या मॉडांसोबत नांदला नसता. खेळात ‘ओव्हरराइड’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात टाकलेली फाइल मूळ फाइलवर मात करते. सोपं आहे, आणि तिथेच गोची आहे. पात्रांचे चेहरे-कपडे सांगणारा एकच मोठा तक्ता असतो. दोन मॉडांनी आपापला अख्खा तक्ता आणून टाकला की शेवटी आलेला जिंकतो आणि आधीच्याची माणसं गायब किंवा भलत्याच रूपात. चाहत्यांपैकीच एकाने यावर पॅचर लिहिला, जो अख्खी फाइल बदलण्याऐवजी तक्त्यात फक्त आपल्या ओळी जोडतो. ‘आधी टीएसएलआरसीएम, बाकी सगळं त्यानंतर’ हा नियम त्यातूनच आला. मी २०११ मध्ये हा नियम वाचलाच नव्हता. जुन्या सेव्हवर (अर्ध्यावर साठवून ठेवलेल्या खेळावर) मॉड चढवला आणि टेलोस ग्रहावर अशा जागी अडकलो की दार उघडेना, बोलणारा बोलेना. वीसेक तासांचा खेळ पाण्यात गेला. चूक सर्वस्वी माझी.

आता त्या शब्दाकडे येऊ. ‘रिस्टोअर्ड’. मराठीत याला काय म्हणायचं हेच आधी अवघड. ‘पुनर्स्थापित’ म्हटलं तर जी वस्तू एकदा जागेवर होती ती परत तिथे ठेवली असा अर्थ होतो, आणि यातली बरीचशी कधी जागेवर नव्हतीच. ‘जीर्णोद्धार’ म्हटलं तर मूळ वास्तू पूर्ण बांधून झालेली होती असं गृहीत धरावं लागतं. इंग्रजी शब्दातही हीच खोट आहे, तिथे ती फक्त कमी टोचते. या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी कामं लपली आहेत.

पहिलं काम म्हणजे दार उघडणं. संभाषण तयार, आवाज तयार, अट चुकलेली. अट दुरुस्त केली की झालं. इथे कुणाचं भांडण नाही. दुसरं म्हणजे सांधणं. आवाज आहे, जागा आहे, पण पात्रांनी कुठे उभं राहायचं, कॅमेरा कुठे, आधीचा प्रसंग कुठे संपला, यातलं काहीच नाही. हे सगळं मॉडवाल्यांनी रचलं. एचके-५० चा कारखाना या जातीचा. एचके-४७ ला एकट्याला घेऊन तो पार करावा लागतो. प्रत्येक वाक्याआधी ‘विधान:’, ‘प्रश्न:’ असा शिक्का मारून बोलणारा, माणसांना मांसाची पिशवी म्हणणारा हा ड्रॉइड आपल्याच वंशजांशी वाद घालतो तेव्हा लिखाण अस्सल आहे हे लगेच कळतं. मधल्या खोल्याखोल्यांतल्या मारामाऱ्या मात्र कंटाळवाण्या आहेत. मूळ स्टुडिओला वेळ मिळाला असता तर त्यांनी त्या कमी केल्या असत्या की नाही, हे फायली सांगत नाहीत. रिमोट आणि गोटोच्या तुटलेल्या दृश्यालाही शेवट मिळाला तो याच सांधकामातून.

तिसरं काम म्हणजे निवड. आणि खरा वाद इथला आहे. डिस्कवर उरलेला माल एकाच काळचा नाही. काही प्रसंग लवकर रद्द झाले, काही शेवटच्या आठवड्यांत. एकाच घटनेची दोन एकमेकांना छेद देणारी रूपंही सापडतात. सगळंच ‘परत आणलं’ तर कथा स्वतःशीच भांडू लागेल. म्हणजे कुणीतरी बसून ठरवायला हवं, की हे वेळ नसल्यामुळे गळलं, आणि हे लेखकाने विचार करून काढलं. पहिलं घ्यायचं, दुसरं सोडायचं. बोलायला सोपं. पण लेखकाच्या मनातलं कारण फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

एम४-७८ या ग्रहावर ही पंचाईत सगळ्यात स्पष्ट दिसते. फक्त ड्रॉइडांची वस्ती असलेला हा ग्रह आराखड्यात होता आणि बराच आधी वगळला गेला. त्यामुळे त्याचा फारच थोडा ऐवज शिल्लक होता. पुढे त्यासाठी स्वतंत्र मॉड झाला आणि त्यात चाहत्यांकडून नवे आवाज भरून घ्यावे लागले. हेही एक वेळ चालेल. अडचण वॉश या जेडाय गुरूची आहे. बाजारात आलेल्या खेळात ती कोरिबान ग्रहावरच्या अकादमीत आपल्याला मेलेली सापडते. बाकीच्या गुरूंना शोधत, पटवत किंवा मारत आपण तिथवर पोचतो आणि हाती लागतं ते प्रेत. आराखड्यात मात्र ती एम४-७८ वर जिवंत भेटणार होती. म्हणजे कापलेलं परत आणायचं तर छापून आलेलं खोडायला हवं. कोरिबानवरचं ते प्रेत घाईघाईने लावलेली डागडुजी होती, हे मान्य. तरी ती डागडुजी लेखकांनी स्वतः केलेली होती. माझ्यापुरतं बोलायचं तर मला ते प्रेत जास्त पटतं. ज्या कथेत गुरू म्हणवणारा प्रत्येक जण उशिरा पोचतो किंवा चुकतो, तिच्यात एक गुरू कुणीच पोचायच्या आत संपलेली असणं बसतं.

शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो असं बजावलं. टीएसएलआरसीएमवाल्यांनी नाथ वाचले असण्याची शक्यता शून्य, पण एम४-७८ त्यांनी मुख्य मॉडमध्ये घेतला नाही. मुख्य मॉड करणाऱ्यांपैकी काहींचा हात त्यालाही लागलेला असूनही तो वेगळा ठेवला. ज्याला हवा त्याने वरून टाकावा. त्यांच्या सगळ्या निर्णयांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि कौतुकाच्या यादीत तो सहसा येत नाही. लोक ‘काय काय परत आणलं’ हेच मोजतात.

यानंतरचा इतिहास बाजाराचा आहे. २०१२ मध्ये खेळ स्टीम या ऑनलाइन दुकानावर आला. जुलै २०१५ मध्ये, मूळ प्रकाशनाला दहा वर्षं उलटल्यावर, दुसऱ्याच एका कंपनीने पीसीवर मोठा अपडेट दिला: रुंद पडदा, कंट्रोलर, मॅक आणि लिनक्स, शिवाय स्टीमचं वर्कशॉप. टीएसएलआरसीएम लगेच वर्कशॉपवर आला आणि एका टिचकीत बसू लागला. नवख्यांची सोय झाली. जुनेजाणते मात्र आजही वर्कशॉप टाळा म्हणतात, कारण तिथली प्रत वेगळ्या फोल्डरात जाते आणि ओव्हरराइडमधल्या इतर मॉडांशी तिचं जुळत नाही. एकच मॉड टाकायचा असेल तर वर्कशॉप पुरे. दुसरा टाकायचा मोह होणारच, तेव्हा हातानेच टाकावा.

मग आलं स्विचचं प्रकरण. जून २०२२ मध्ये खेळ निन्टेन्डो स्विचवर आला आणि जाहिरातीतच सांगितलं गेलं की ‘रिस्टोअर्ड कंटेंट’ नंतर मोफत डीएलसी (मागाहून उतरवून घ्यायची भर) म्हणून मिळेल. चाहत्यांचं काम पहिल्यांदाच अधिकृत शिक्क्यानिशी येणार म्हणून जल्लोष झाला. आधी भलतंच घडलं: ऑन्डेरॉन ग्रहावर उतरतानाच्या दृश्यानंतर खेळ बंद पडायचा, म्हणजे विकत घेतलेला खेळ पुरा करताच येत नव्हता. कंपनीने तसं उघड मान्य केलं आणि नंतर दुरुस्ती दिली. अपुरा म्हणून गाजलेला खेळ अठरा वर्षांनी पुन्हा अपुराच विकला जावा, यावर वेगळी टिप्पणी नको. जून २०२३ मध्ये डीएलसी येणार नसल्याची घोषणा झाली. भरपाई म्हणून दुसऱ्या एखाद्या खेळाची मोफत प्रत देऊ केली गेली. कारण मात्र त्या घोषणेत नव्हतं. त्यानंतर कॅलिफोर्नियात एका ग्राहकाने दावा लावला: जे आश्वासन पाहून पैसे दिले, ते पाळलं नाही.

याचा दोष मॉडवर ढकलणारेही निघाले. मॉड फुकट वाटला जातो तोवर तो हक्कधारकांच्या मूक संमतीवर चालतो. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. तोच अधिकृत म्हणून दुकानात ठेवायचा झाला की मूळ लिखाण, मुद्रित आवाज, ट्रेडमार्क, आणि मधले सांधे जोडणाऱ्या चाहत्यांचं काम, या सगळ्यांची लेखी परवानगी लागते. या गुंत्याचा विचार जाहिरात करण्याआधी व्हायला हवा होता.

आपल्याकडे बरेच जण या खेळापर्यंत पोचतात ते फोनवरून. अँड्रॉइड आणि आयफोनवर तो डिसेंबर २०२० मध्ये आला. चाहत्यांनी मोबाइलसाठी जुळवलेली टीएसएलआरसीएमची प्रतही आहे आणि तीच घ्यावी. पीसीची तशीच उचलून टाकली तर गोंधळ होतो. अँड्रॉइड ११ पासून ॲपच्या डेटा फोल्डरात थेट फायली टाकण्यावर बंधनं आली आहेत, त्यामुळे फोन केबलने संगणकाला जोडून फायली हलवणं बहुधा सोपं पडतं. जुना सेव्ह तिथेही चालत नाही. पेरागसच्या त्या लांबट, रिकाम्या खाणीपासूनच सुरुवात करावी लागते, आणि ती टाळायचाही मॉड आहे.