मतदानाचा दिवस (भारत)

निवडणुकीत मतदारांनी प्रत्यक्ष मत देण्यासाठी कायद्यानुसार ठरवलेली तारीख. लोकसभा आणि विधानसभेसाठी ती भारत निवडणूक आयोग ठरवतो. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग.

अमेरिकेत १८४५ च्या कायद्याने अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस कायमचा बांधून टाकला आहे: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. भारतात असा ठरलेला वार नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३० मध्ये फक्त अंतरे दिली आहेत. अधिसूचनेपासून सातव्या दिवसापर्यंत उमेदवारी अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांत माघार आणि माघारीच्या मुदतीपासून मतदानापर्यंत किमान १४ दिवस. एवढे पाळले की बाकी तारीख आयोगाच्या हाती.

या मोकळीकीमुळे तारीख ठरवताना पंचांगही उघडावे लागते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिमाचलातील चिनी भागात (आताचे कल्पा) बर्फ पडण्याआधी, ऑक्टोबर १९५१ मध्येच मतदान उरकले. देशातील बहुतेक भागांत ते पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला झाले. २०२२ मध्ये पंजाबातील मतदान गुरू रविदास जयंतीमुळे १४ वरून २० फेब्रुवारीला गेले. २०२३ मध्ये राजस्थानात देवउठनी एकादशीच्या लग्नांच्या धामधुमीमुळे २३ चे २५ नोव्हेंबर झाले, तर २०२४ मध्ये हरियाणात बिष्णोई समाजाच्या आसोज अमावास्येसाठी १ चे ५ ऑक्टोबर. शहरी मतदाराची अडचण मात्र सणाची नसून जोडून येणाऱ्या सुट्ट्यांची असते. मुंबईत २० मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान सोमवारी झाले, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून. त्याच वर्षी विधानसभेसाठी २० नोव्हेंबर, बुधवार निवडला गेला.

या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी देणे याच अधिनियमाच्या कलम १३५-ख नुसार मालकावर बंधनकारक आहे. सुट्टी न देणाऱ्याला दंड मात्र जास्तीत जास्त ५०० रुपये, तेव्हा धाक कितपत वाटत असेल हे उघड आहे. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा-मिरवणुका आणि दारूविक्री बंद असते. 'जाहीर प्रचार थांबला' ही बातमी त्यातूनच येते. मग सुरू होतो तो छुपा प्रचार.

केंद्रावर दिवस पहाटे उजाडतो. मतदानाच्या दीड तास आधी पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतात. त्यात किमान ५० मते टाकून, मोजून यंत्र पुन्हा शून्यावर आणतात. मतदानाला किमान आठ तास द्यावेच लागतात. महाराष्ट्रात साधारणपणे सकाळी ७ ते संध्याकाळी ६ अशी वेळ असते. गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात २०२४ मध्ये ती दुपारी ३ पर्यंतच होती. डाव्या तर्जनीवरची न पुसणारी शाई १९६२ पासून वापरात आहे आणि ती कर्नाटक सरकारच्या मालकीच्या म्हैसूरच्या कारखान्यातून येते. बटण दाबल्यावर, मत कोणाला गेले हे दाखवणारी छापील चिठ्ठी यंत्राच्या (व्हीव्हीपॅट) काचेआड सात सेकंद दिसते. वेळ संपली तरी रांगेत असलेल्यांचे मत जात नाही. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेपटापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतो, म्हणजे मागाहून कोणी घुसू शकत नाही.

मोठ्या निवडणुकांत 'दिवस' हा शब्द सैलच होतो. २०२४ च्या लोकसभेसाठी देशात सात आणि महाराष्ट्रात पाच टप्पे होते. नागपूर, रामटेक, चंद्रपूर, भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर या पाच मतदारसंघांनी १९ एप्रिललाच मत दिले. मोजणी ४ जूनला झाली. मधले ४६ दिवस तिथली यंत्रे स्ट्राँगरूममध्ये कुलूपबंद होती आणि १ जूनला देशातील शेवटचे मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज सांगायलाही कायद्याने बंदी होती.