कोचला किती वर्षं द्यायची?

इंडियाना युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम (आपला पायाने खेळायचा नाही, हेल्मेटवाला अमेरिकन) 2023 ला 12 पैकी 9 मॅच हरली होती. मग कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले, 2024 ला 11 जिंकल्या, 2 हरल्या आणि 2025 च्या सीझनला तर 16 पैकी 16 जिंकून थेट नॅशनल चॅम्पियन. झालं, आता बाकीच्या कॉलेजांचे फॅन आपापल्या कोचच्या मागे लागलेत की तुलाच कशाला चार वर्षं लागतात?

पण ती चार वर्षं उगाच कोणी ठरवलेली नव्हती. कॉलेजला एकूण 85 पोरांना स्कॉलरशिप देता यायची आणि वर्षाला नवीन फक्त 25, म्हणजे जुन्या कोचची पोरं बाहेर पडून स्वतःची टीम उभी राहायलाच तीन-चार वर्षं जाणार, शिवाय शाळेतून आलेल्या 18 वर्षांच्या पोराला 22 च्या दणकट गड्यासमोर उभं करायचं तर त्याचं अंग भरायलाही वेळ लागतो ना. बिल स्नायडर 1989 ला कॅन्सस स्टेट कॉलेजला कोच म्हणून पहिला सीझन खेळले तेव्हा टीमने आधीची दोन अख्खी वर्षं एकही मॅच जिंकलेली नव्हती. त्यांनी पहिल्या वर्षी 1 जिंकली, मग 5, मग 7. आज एवढा धीर कोण धरतो!

आता नियमच बदललेत. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंनी नाव नोंदवायची ऑनलाइन यादी) 2018 ला आलं, 2021 पासून कॉलेज बदललं तरी पहिल्या वेळी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि 25 ची अटही नंतर गेली. सिग्नेटींनी तर आधीच्या जेम्स मॅडिसन कॉलेजमधून डझनभर तयार खेळाडू सोबतच आणले.

तरी कोच बदलला की टीम सुधारते हे गृहीत धरू नका. अॅडलर, बेरी आणि डोहर्टी या तिघा संशोधकांनी 2013 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की अगदी तळाच्या टीमला कोच बदलून फारसा फरक पडत नाही, आणि मधल्या टीमचं तर उलट नुकसान होतं. तळाची टीम पुढे थोडी वर येतेच, कारण आधीच्या वाईट वर्षात वाईट नशीबही मिसळलेलं असतं, क्रेडिट मात्र नवा कोच घेऊन जातो.

मग नशीब कुठलं आणि कोच कुठला हे ओळखायचं कसं? सीझनला मॅच जेमतेम डझनभर, त्यावरून काय कळणार, कपाळ. नेब्रास्काची टीम 2021 ला 9 मॅच हरली, पण नऊच्या नऊ दहापेक्षा कमी पॉइंटने, आणि वर्षभराचे पॉइंट एकत्र मोजले तर खाल्ले त्यापेक्षा केले जास्त. लोक म्हणाले बिचारा त्यांचा कोच स्कॉट फ्रॉस्ट, कमनशिबी. पण त्याच्या सगळ्या वर्षांतल्या अशा अटीतटीच्या मॅच धरल्या तर 27 पैकी फक्त 5 जिंकल्या. नाणं 27 वेळा उडवून 5 किंवा कमी छापे पडायची शक्यता हजारात एकसुद्धा नाही, त्यामुळे ते सगळं नशीब होतं हे मला तरी पटत नाही. 2022 ला तीन मॅच झाल्या आणि त्याला काढलं.