११ आणि १२ सारखे नाहीत: एक फासा वेगळा, दोन फाशांची बेरीज वेगळी

लुडोचा एक फासा सगळ्यांना कळतो. सहा बाजू, प्रत्येक दानाला सहात एक चान्स, विषय संपला. गोंधळ सुरू होतो तो दोन फासे टाकून बेरीज घ्यायची असली की, मग खेळ व्यापार असो, मोनोपॉली असो नाहीतर कटान हा बोर्ड गेम. तिथेही लोक एकाच फाशाचा हिशोब लावतात, की २ ते १२ अशी अकरा दानं म्हणजे प्रत्येकाला अकरात एक. अजिबात नाही!

७ जास्त पडतो हे खेळून खेळून बहुतेकांना माहितीये, ते सोडा. माणूस खरा अडकतो ११ आणि १२ पाशी. म्हणणं असं असतं की ११ म्हणजे ५ आणि ६, १२ म्हणजे ६ आणि ६, दोघांना एकेकच जोडी, मग चान्स पण सारखाच. हे इतकं पटतं की लायब्निट्झसारखा कॅल्क्युलस मांडणारा माणूससुद्धा यात चुकला होता.

आता एक फासा लाल घ्या आणि एक निळा. १२ साठी लाल ६, निळा ६, दुसरा मार्गच नाही. ११ ला मात्र लाल ५ निळा ६ चालतं आणि लाल ६ निळा ५ पण चालतं. म्हणजे एकूण ६ × ६ = ३६ शक्यतांपैकी १२ ला एक, ११ ला दोन. सरळ दुप्पट. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "आमचे दोन्ही फासे पांढरेच आहेत, ५-६ काय आणि ६-५ काय". अहो, रंग फक्त तुम्हाला ओळखता यावेत म्हणून, फासे पांढरे असले तरी दोनच आहेत ना? नसेल पटत तर एकेक करून टाका. पहिल्यावर ५ आला तर १२ चा विषय तिथेच संपला, ११ अजून पडू शकतो, आणि पहिल्यावर ६ आला तर दोन्ही शक्य आहेत, बस एवढाच फरक आहे.

तीन फाशांतही तेच. ९ आणि १० दोन्ही बेरजा सहा-सहा त्रिकुटांनी जुळतात, तरी जुगाऱ्यांना १० जास्त दिसायचा आणि त्याचं कारण गॅलिलिओने मोजून दाखवलं: २१६ पैकी ९ ला २५, १० ला २७. कारण ९ मध्ये ३-३-३ आहे आणि ते एकाच प्रकारे पडतं.

कटानमध्ये पटावरच्या जागांवर आकडे असतात, तो आकडा पडला की त्या जागेवर घर असणाऱ्याला माल मिळतो, आणि तिथे तर हे आकड्याखाली छापलेलंच असतं. १२ खाली एक ठिपका, ११ खाली दोन, लाल ६ आणि ८ खाली पाच-पाच. तरी लोक ११ ची जागा मोकळी असताना १२ वर घर बांधतात, "एकच तर फरक आहे" म्हणत, आणि मला ते खरंच बघवत नाही.

डबलचं (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा) थोडक्यात: कुठलीही डबल सहात एक, ठरवलेली डबल छत्तीसात एक.

आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांसाठी, शस्त्राचा घाव किती बसला ते ठरवायला ग्रेटअॅक्सला (मोठी कुऱ्हाड) बारा बाजूंचा एक फासा आणि ग्रेटस्वोर्डला (मोठी तलवार) सहा बाजूंचे दोन, हे "दोन्ही बारापर्यंत जातात" म्हणून सारखे होत नाहीत. कुऱ्हाडीला १२ बारात एकदा पडतो पण १ पण तितक्याच वेळा पडतो, सरासरी ६.५. तलवारीला १२ छत्तीसात एकदा, पण २ च्या खाली जात नाही आणि सरासरी ७. बाकी काही विशेष कारण नसेल तर मी तलवारच घ्यायला सांगेन.