कंट्रोल चार्टची शंभर वर्षं: गुणवत्ता नियंत्रणाचं संशोधन कुठून कुठे गेलं

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या शॉपमध्ये शिरलात, की मशीनजवळच्या बोर्डावर बहुतेक वेळा एक आलेख लावलेला दिसतो. मधे सलग रेघ, वर एक आणि खाली एक तुटक रेघ, आणि त्यांच्या मधून चढत-उतरत गेलेले ठिपके. ठरलेल्या वेळाने चार-पाच पीस मायक्रोमीटरने मोजायचे, सरासरी काढायची, ठिपका द्यायचा. हाच आलेख चांगल्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही असतो. तिथे पीसऐवजी कंट्रोल सीरमची, म्हणजे ज्याची मापं आधीच माहीत आहेत अशा नमुन्याची, बाटली असते आणि रोज सकाळी पेशंटचे नमुने लावायच्या आधी ती मशीनवर चालवतात. सूतगिरणीत तो सुताच्या काउंटचा, म्हणजे जाडी-बारीकपणाच्या आकड्याचा असतो, औषधांच्या कारखान्यात गोळीच्या वजनाचा.

इतक्या वेगवेगळ्या धंद्यांत एकच आलेख कसा पोचला, आणि पोचताना त्याला कुठे कुठे वाकावं लागलं, हे गुणवत्ता नियंत्रणाच्या संशोधनाच्या इतिहासात सापडतं. हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट वारंवार दिसली: यातली जी कामं टिकली, त्यांचा प्रश्न कारखान्यातून किंवा दवाखान्यातून आला होता, आणि उत्तर शोधणारा माणूस मालाच्या जवळ उभा होता.

शिकागोजवळच्या हॉथॉर्नमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा प्रचंड कारखाना होता. बेल कंपनीचे टेलिफोन आणि एक्स्चेंजची उपकरणं तिथे बनत. जमिनीखाली गाडलेलं उपकरण बिघडलं, तर खणून काढून दुरुस्त करायचा खर्च मोठा. त्यामुळे तपासणी कडक होती, पण ती शेवटी व्हायची. माल तयार झाल्यावर चांगला-वाईट वेगळा करायचा, वाईट तो भंगारात. फिजिक्समध्ये डॉक्टरेट केलेले वॉल्टर शुहार्ट १९१८ मध्ये या कंपनीत आले. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना जेमतेम पानभराचं एक टिपण दिलं. त्यात एक आकृती होती. आज आपण जिला कंट्रोल चार्ट म्हणतो, ती हीच.

शुहार्ट यांचं म्हणणं थोडक्यात असं. कुठलीही दोन माणसं, दोन मशीन, एकाच मशीनचे लागोपाठचे दोन पीस तंतोतंत सारखे निघत नाहीत. या फरकातला काही भाग अंगभूत असतो. लोखंडाची प्रत, बेअरिंगचा खेळ, कुलंटचं तापमान अशी असंख्य बारीक कारणं मिळून तो होतो, आणि त्यातलं एक कारण धरून बसण्यात अर्थ नसतो. दुसरा भाग शोधता येण्याजोग्या कारणाचा असतो: टूल झिजलं, नवा लॉट आला, फिक्स्चर ढिलं झालं. आलेखावरच्या तुटक रेघा या दोन प्रकारांमधली हद्द दाखवतात. ठिपका रेघांच्या आत असेल तर मशीनला हात लावू नका, बाहेर गेला तर मात्र थांबा आणि कारण शोधा.

‘हात लावू नका’ हा भाग पटायला सर्वांत अवघड जातो, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. ग्राइंडिंगवर २५ मिलिमीटरचा शाफ्ट चालला आहे. मशीन नीट लागलेलं आहे, अंगभूत फरक तेवढा आहे. पहिला पीस ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारांश, मोठा निघाला. ऑपरेटर मन लावून काम करणारा, त्याने ५ मायक्रॉनचं सेटिंग कमी केलं. पुढचा पीस मुळात ३ मायक्रॉन लहान निघणार होता, तो आता ८ मायक्रॉन लहान निघाला. मग त्याने ८ वाढवले. असं दर पिसाला करत गेलं, की प्रत्येक पिसात त्याचा स्वतःचा फरक आणि आधीच्या पिसाचा उलटा फरक, असे दोन फरक एकत्र येतात. गणिताने व्हेरियन्स, म्हणजे पसाऱ्याचा वर्ग, बरोबर दुप्पट होतो आणि मापांचा पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. ऑपरेटर जितका दक्ष, तितका माल खराब! सूतगिरणीत एका लीच्या वजनावरून, म्हणजे १२० यार्ड सुताच्या वजनावरून, लगेच सुताची जाडी ठरवणारं चाक, म्हणजे चेंज पिनियन, बदललं तरी नेमकं हेच होतं. १९२४ च्या टिपणाची खरी किंमत मला इथे दिसते. चूक पकडण्याइतकंच, नसलेली चूक दुरुस्त करू न देणं हेही त्याने शिकवलं.

तुटक रेघा सरासरीपासून तीन सिग्मावरच का (सिग्मा म्हणजे मापांच्या पसाऱ्याचं माप)? याचं उत्तर शुद्ध गणिताचं नाही. माप नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वितरणात बसत असेल, तर काहीही बिघडलेलं नसताना हजारात सुमारे २.७ ठिपके बाहेर जातात. खोटा इशारा किती महाग पडतो आणि खरा बिघाड निसटणं किती महाग पडतं, याचा व्यवहारी मेळ घालून शुहार्ट यांनी तीन हा आकडा धरला. त्यांच्या १९३१ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच गुणवत्तेच्या ‘आर्थिक’ नियंत्रणाचा उल्लेख आहे.

त्यांच्याही आधी डब्लिनच्या गिनेस दारू कारखान्यात अशीच एक गोष्ट घडली होती. कंपनी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विज्ञान पदवीधर नेमत असे. १८९९ मध्ये नेमलेले विल्यम गॉसेट यांच्यापुढे बार्ली आणि हॉप्सच्या प्रतीचा प्रश्न होता. नमुने हातात मोजकेच, आणि त्या काळचं संख्याशास्त्र शेकड्याने नमुने आहेत असं धरून चालायचं. गॉसेट लंडनला कार्ल पीअर्सन यांच्याकडे काही काळ राहून आले आणि १९०८ मध्ये त्यांनी लहान नमुन्यांवरचा निबंध छापला. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहू नये असा कंपनीचा दंडक असल्यामुळे त्यावर ‘स्टुडंट’ एवढंच नाव आहे. आज बी.एस्सी.चा विद्यार्थी सरासरींची तुलना करायची जी टी-टेस्ट शिकतो, ती ही.

बेलमध्येच हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी दुसरा प्रश्न घेतला: हजारोंचा लॉट आला, तर त्यातले किती तपासायचे? थोडे तपासले की दोन धोके उभे राहतात. चांगला लॉट परत जाईल हा उत्पादकाचा, आणि खराब लॉट आत येईल हा ग्राहकाचा. १९२९ मध्ये त्यांनी दोन्ही धोके आकड्यांत मांडले. दुसऱ्या महायुद्धात या कामाला एकदम मागणी आली. बाँबगोळ्याचा फ्यूज चांगला आहे का हे तो उडवूनच कळतं, म्हणजे सगळे तपासले तर एकही उरत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या युद्धकालीन गटात अब्राहम वाल्ड यांनी, एकेक नमुना पाहत पुरेसा पुरावा मिळताच थांबायची पद्धत बसवली. तिचा उपयोग इतका मोठा होता, की ती युद्ध संपेपर्यंत गुप्त ठेवली गेली. लष्करी तपासणीची कोष्टकं पुढे नागरी व्यापारात आली. आपल्याकडचं आयएस २५०० हे मानक त्याच वळणाचं आहे, आणि तयार कपड्यांच्या निर्यातीत खरेदीदाराचा माणूस ‘एक्यूएल २.५’ (सदोष मालाची चालवून घ्यायची मर्यादा) म्हणतो तोही तिथलाच.

भारताचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली होती. त्यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये, देश फाळणीतून सावरत असताना, खुद्द शुहार्ट भारतात आले आणि कारखानदारांशी बोलत फिरले. पुढे इन्स्टिट्यूटने औद्योगिक शहरांत गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं काढली, त्यात मुंबई होती. कापड हा तेव्हाचा आपला सर्वांत मोठा संघटित उद्योग. १९४७ मध्ये अहमदाबादला ‘अटिरा’ आणि १९५४ मध्ये मुंबईत ‘बीटीआरए’ या गिरण्यांच्या संशोधनसंस्था उभ्या राहिल्या. काउंट, ताकद, धागा तुटण्याचं प्रमाण या गोष्टी गिरणीत रोज मोजल्या जातच होत्या, त्यामुळे चार्टला तिथे तयार जमीन मिळाली. पण एक अडचण निघाली. शेकडो स्पिंडलच्या, सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमवर एका बॉबिनमधला फरक वेगळा, बॉबिन-बॉबिनमधला वेगळा आणि फ्रेम-फ्रेममधला वेगळा. सगळा फरक एका सिग्मात कोंबला तर रेघा कुठे मारायच्या हेच कळेना. फरकाचे थर सुटे करण्याचं शास्त्र इथे कामाला आलं. सेमीकंडक्टरच्या कारखान्यात वेफर (सिलिकॉनची चकती) आणि लॉट यांच्या बाबतीत आजही तेच करावं लागतं.

जपानची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून आटोपती घेतो. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेसाठी व्याख्यानं दिली, १९५१ पासून त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं, १९५४ मध्ये जोसेफ जुरान गेले, आणि १९६२ पासून क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्या कामातले प्रश्न सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाले. आपल्याकडे पहिलं क्वालिटी सर्कल हैदराबादच्या भेल या सरकारी कारखान्यात १९८० साली निघालं. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला डेमिंग पारितोषिक मिळालं ते २००३ मध्ये.

गेनिची तागुची यांच्याजवळ मात्र जरा थांबायला हवं. १९५३ च्या सुमारास इना या टाइल बनवणाऱ्या कंपनीत भट्टीच्या आत तापमान सगळीकडे सारखं राहत नसे, आणि कडेच्या टाइल मधल्यांपेक्षा वेगळ्या मापाच्या निघत. सरळ उपाय म्हणजे भट्टी बदलणं, आणि तो परवडणारा नव्हता. मिश्रणातले घटक बदलत प्रयोग केले गेले तेव्हा असं दिसलं, की चुन्याचं प्रमाण १ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर नेलं तर तापमान कमी-जास्त असूनही मापं जवळजवळ सारखी येतात. कारण तसंच राहिलं, पण मालाला त्याची बाधा होईना. थोड्या प्रयोगांत अनेक घटक तपासण्यासाठी लागणारी गणिती मांडणी सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये दिली होती, आणि १९५४-५५ मध्ये तागुची स्वतः कोलकात्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये पाहुणे प्राध्यापक होते. १९८० च्या दशकात जॉर्ज बॉक्स यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी तागुचींच्या विश्लेषणातल्या उणिवांवर कडक टीका केली. त्या टीकेतले बरेच मुद्दे रास्त होते. तरी बाह्य फरक सोसू शकेल असाच माल घडवायचा, हा विचार टीकाकारांनीही उचलून धरला.

रसायन कारखान्यांनी शुहार्ट यांचं एक गृहीतकच मोडलं. रिॲक्टरचं तापमान दर मिनिटाला मोजलं तर या मिनिटाचा आकडा मागच्या मिनिटासारखाच असणार. ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, मग नेहमीच्या रेघा लावल्या की खोट्या इशाऱ्यांचा पाऊस. शिवाय इथे सेटिंग सतत थोडं थोडं हलवावंच लागतं, हात लावू नका हा नियम चालत नाही. हळूहळू सरकणारा बिघाड लवकर दिसावा म्हणून ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये क्यूसम काढला. त्यात प्रत्येक विचलनाची बेरीज करत जातात, त्यामुळे एकेका ठिपक्यात न दिसणारा कल रेघेच्या उतारात दिसू लागतो.

वैद्यकात हे सगळं उशिरा आलं. १९४७ मध्ये बेल्क आणि सुंडरमन यांनी फिलाडेल्फिया परिसरातल्या हॉस्पिटलच्या लॅबना एकसारखे नमुने पाठवले, तेव्हा आलेल्या उत्तरांत इतकी तफावत निघाली की डॉक्टर हादरले. तीनच वर्षांनी लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कंट्रोल चार्ट लॅबमध्ये नेला, आणि १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्ड यांनी एकाऐवजी अनेक नियम एकत्र वापरायची पद्धत दिली. भारतात वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरच्या लॅबना असेच एकसारखे नमुने पाठवून तुलना करून देतं.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत एका निबंधाबद्दल मला फार आदर वाटतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधले हृदयशल्यविशारद मार्क द लव्हाल यांनी नवजात बाळांवर केलेल्या आपल्याच १०४ शस्त्रक्रिया १९९४ मध्ये क्यूसमवर मांडल्या आणि छापल्या. पहिल्या ५२ बाळांत एकच दगावलं होतं. नंतर मृत्यूंचा एक पुंजका आला. नशीब की आपल्या कामात काही बिघडलं, हा शुहार्ट यांचाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. दुसऱ्या केंद्रात जाऊन ते पुन्हा शिकले, आणि त्यानंतरचे आकडेही त्यांनी मांडले. ब्रिटनमध्येच ब्रिस्टलच्या बालहृदय शस्त्रक्रिया विभागातल्या मृत्यूंची चौकशी २००१ मध्ये पुरी झाली, तेव्हा असे आलेख वेळेवर काढले असते तर काय झालं असतं, ही चर्चा सार्वजनिक झाली. अडचण मात्र खरी आहे: दोन शाफ्ट सारखे असतात, दोन पेशंट नसतात. अवघड केस घेणारा सर्जन आलेखावर वाईट दिसू नये म्हणून पेशंटच्या मुळातल्या जोखमीचा हिशेब धरणारा क्यूसम २००० च्या सुमारास तयार झाला.

अन्नप्रक्रियेने तपासणीचा मार्ग जवळजवळ सोडूनच दिला. अंतराळवीरांचं अन्न सुरक्षित आहे याची खात्री तयार पाकिटं फोडून द्यायची, तर न्यायला पाकीटच उरत नव्हतं. त्यातून पिल्सबरी कंपनी आणि नासाच्या कामात धोक्याच्या जागा आधी ओळखून तिथेच पहारा ठेवायची हॅसेप पद्धत आली. सॉफ्टवेअरमध्ये वॉट्स हम्फ्री यांनी कार्नेगी मेलनच्या संस्थेत याच विचारावर सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीच्या परिपक्वतेच्या पायऱ्या बसवल्या. मात्र एकच प्रोग्रॅम दोनदा लिहिला जात नसल्याने चार्ट तिथे कितपत लागू पडतो, यावर वाद आहे, आणि मला तो योग्य वाटतो. मोटोरोलात १९८६ च्या सुमारास सुरू झालेल्या सिक्स सिग्मा या दोष कमी करण्याच्या पद्धतीतला ‘दहा लाखांत ३.४ दोष’ हा आकडाही सरासरी दीड सिग्मा सरकते या गृहीतावर उभा आहे, आणि त्या दीडला भक्कम आधार काय, असं अभ्यासक विचारत आले आहेत.

सध्याचं संशोधन वेगळ्याच टोकाला अडलं आहे. पूर्वी आकडे कमी होते, आता ते आवरत नाहीत. एका प्लांटमध्ये १००० सेन्सर दर मिनिटाला आकडा देत असतील, तर सगळं सुरळीत असतानाही तीन सिग्माच्या हिशेबाने मिनिटाला सरासरी जवळजवळ तीन खोटे इशारे येणार. असा अलार्म ऑपरेटर दुसऱ्या दिवशी बंद करून ठेवतो. म्हणून एकेका मापाऐवजी सगळ्या मापांचा एकत्र विचार करून एकच आकडा काढायचा आणि त्याचा चार्ट ठेवायचा, या दिशेने बरंच काम चालू आहे. त्याचा पाया हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये घातला. त्यांच्यापुढचे आकडे बाँबफेकीच्या दुर्बिणींच्या हवाई चाचण्यांचे होते, आणि गणित हाताने करावं लागत असल्यामुळे त्यांची पद्धत कितीतरी वर्षं निबंधांतच राहिली. शॉपमध्ये ती कॉम्प्युटर आल्यावर पोचली.