चांगलं ग्राफाइट नसलेल्यांनी घडवलेली पेन्सिल

सोळाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात काळ्या, तुकतुकीत खनिजाचा साठा सापडला. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करू लागले. हे ग्राफाइट इतकं शुद्ध आणि घट्ट होतं, की करवतीने कापून सरळ कांड्या निघत. त्या लाकडात बसवल्या की झाली पेन्सिल. १५६५ मध्ये स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर यांच्या पुस्तकात अशा साधनाचं चित्र छापून आलं. तेव्हा लोक हे शिसंच समजत. तो कार्बन आहे, हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं.

तोफगोळे ओतायच्या साच्यांना आतून लावायलाही ग्राफाइट लागे, म्हणजे माल लष्करी कामाचा. साहजिकच खाणीवर पहारा बसला, कामगारांच्या झडत्या सुरू झाल्या आणि १७५२ मध्ये ग्राफाइटचोरीला थेट हद्दपारीपर्यंतची शिक्षा देणारा कायदा झाला. असा माल जगात दुसरीकडे नव्हता. तरीही आज आपण वापरतो ती पेन्सिल इंग्रजांनी घडवलेली नाही. घरबसल्या उत्तम माल मिळत असताना डोकं कोण चालवतो?

डोकं चालवलं फ्रेंचांनी, तेही नाइलाजाने. १७९३ मध्ये ब्रिटनशी युद्ध पेटलं आणि पेन्सिली मिळेनाशा झाल्या. युद्धाचा कारभार पाहणाऱ्या लाझार कार्नो यांनी बाहेरच्या मालाशिवाय पेन्सिल बनवण्याचं काम निकोला-जाक काँते यांच्यावर सोपवलं. काँते हरहुन्नरी गृहस्थ. लष्करी बलूनसाठी हायड्रोजनचे प्रयोग करताना स्फोटात त्यांचा एक डोळा गेला. हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड चिकणमातीत कालवायची, तिच्या कांड्या पाडायच्या आणि त्या भट्टीत भाजायच्या, ही त्यांची युक्ती. १७९५ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. माती वाढवली की कांडी कडक आणि रेघ फिकट. ग्राफाइट वाढवलं की कांडी मऊ आणि रेघ गडद. चित्रकाराची मऊ ६बी आणि ड्राफ्ट्समनची कडक २एच यांत फरक आहे तो याच प्रमाणाचा. बॉरोडेलच्या कांडीत अशी निवड करायची सोयच नव्हती.

अमेरिकेतही तेच. तिथल्या पेन्सिली ठिसूळ आणि भुकटी सांडणाऱ्या. १८४०च्या दशकात लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी वडिलांच्या कारखान्यात ग्राफाइट-मातीचं मिश्रण सुधारलं आणि त्यांच्या पेन्सिलींना नाव मिळालं. पिवळा रंग मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या हार्टमुट कंपनीचा. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात तिने महागडी पिवळी पेन्सिल मांडली आणि नाव दिलं ‘कोहिनूर’. हिरा आपला, मिरवला त्यांनी!

आपल्याकडे पेन्सिल बरीच वर्षं परदेशातून येत असे. १९५८ मध्ये मुंबईत हिंदुस्तान पेन्सिल्स सुरू झाली. नटराज आणि अप्सरा तिच्याच. लाल-काळ्या पट्ट्यांची नटराज माहीत नाही असा मराठी शाळकरी विरळाच. शाईपेन आलं, बॉलपेन आलं, तरी विज्ञानाच्या पेपरात आकृती पेन्सिलीनेच काढायची, हा दंडक टिकून आहे. सुतार तर अजूनही चपटी पेन्सिलच कानावर ठेवतो; ती फळीवरून घरंगळत नाही.

हातातली पेन्सिल मागच्या टोकाकडून नीट पाहा. रंग लावलेला नसेल तर लाकडात मधोमध बारीक सांधा दिसेल. खाचा पाडलेल्या पट्टीत कांड्या ठेवायच्या, वर तशीच दुसरी पट्टी डिंकाने चिकटवायची आणि मग त्या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल कापून काढायची, अशी ही रीत. भारतात या पट्ट्या मुख्यतः काश्मीरमधल्या पॉप्लर झाडाच्या लाकडाच्या असतात. पुलवामा जिल्ह्यातलं औखू गाव त्यासाठीच ओळखलं जातं, आणि देशाची पट्ट्यांची सुमारे ९० टक्के गरज काश्मीर खोरं भागवतं, असं २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. पॉप्लर मऊ असतो, पण ओलही भरपूर धरतो. पट्टी पुरती वाळली नाही तर ती वाकते आणि आतली कांडी मोडते.