धंदा-कर्ज : बेळगाव सीमाभाग

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील तरुणांनी पहिला धंदा उभा करण्यासाठी बँक, सहकारी संस्था किंवा सरकारी महामंडळाकडून काढलेले कर्ज. बोलण्यात त्याला सरसकट ‘मुद्रा लोन’ म्हणतात, मग ते मुद्रा योजनेतले असो वा नसो.

इथल्या कर्जाचे वेगळेपण सीमेमुळे आले आहे. घरात मराठी, माल कोल्हापूर किंवा गोव्याकडे, आणि कागद मात्र कर्नाटकाचे. सरकारी मदत भाषेवर ठरत नाही, रहिवासावर ठरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा मराठा तरुण अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाकडे (स्थापना १९९८) व्याज परताव्यासाठी अर्ज करू शकतो. त्याचा मामेभाऊ काही कोसांवर बेळगाव तालुक्यात राहत असेल, तर त्याला ते दार बंद आहे, कारण महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो. सीमाभागातील ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना लागू केली, पण या महामंडळासाठी रहिवासाची अट तशीच आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या वाहिनीवर जाहिरात पाहून कागद गोळा करत बसण्यापेक्षा, कर्नाटकाचा रहिवासी म्हणून काय मिळते ते आधी पाहावे.

कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या ३-ब गटात येतो. त्याच्यासाठी स्वतंत्र विकास महामंडळाची घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये झाली, तेव्हा ५० कोटी रुपयांची तरतूद जाहीर करण्यात आली होती. या महामंडळाची शहाजी राजे समृद्धी योजना स्वयंरोजगारासाठी आहे. अर्ज ‘सेवा सिंधू’ या कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) काढायचा. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला बोलण्यापुरते कन्नड येते, पण छापील अर्ज वाचताना तो अडतो. नको त्या रकान्यात नको ती माहिती जाते आणि अर्ज परत येतो. अनेकांची पहिली अडचण पैशाची नसते, ती इथे असते. कन्नड शाळेत शिकलेला मित्र शेजारी बसवून अर्ज भरणे हा साधा उपाय आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

केंद्राच्या योजनांना मात्र सीमा आडवी येत नाही. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. तरुण गटातले कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट आला. तारण लागत नाही. अनुदानही नाही, आणि हे ठळकपणे सांगायला हवे, कारण ‘मुद्रेत अर्धे माफ होते’ म्हणत कमिशन उकळणारे गावोगावी भेटतात. ५ लाख रुपये १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,६२४ रुपये बसतो आणि तो पूर्ण भरावा लागतो.

अनुदान हवे असेल तर २००८ पासूनचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) आहे. उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाख आणि सेवेच्या प्रकल्पाला २० लाखांची मर्यादा. समजा खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात १० लाखांचे काजू प्रक्रिया युनिट टाकायचे आहे. सर्वसाधारण गटातल्या मुलाने स्वतःचे १ लाख घालायचे, बँक ९ लाख देते, आणि ग्रामीण भागासाठी २५ टक्के म्हणजे अडीच लाख अनुदान. तेच युनिट बहिणीच्या नावे असेल, तर घरचे ५० हजार पुरतात आणि अनुदान ३५ टक्के होते. अर्थात युनिट खरोखर तिनेच चालवायचे असेल तरच. अनुदान हातात पडत नाही. ते ३ वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकते आणि धंदा चालू असल्याची पाहणी झाल्यावर कर्जात वळते होते. मधेच शटर ओढले तर ते हातचे जाते.

कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा आहे. १८ व्यवसायांना ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख. खानापूरचे कुंभार आणि अथणी-निपाणीकडचे चप्पल कारागीर यात बसतात. कोल्हापुरी चप्पलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर यांनाही आहे. त्यामुळे अथणीच्या कारागिराने प्रकल्प अहवालात ‘कोल्हापुरी’ हे नाव हक्काने लिहावे. बाजार तयार आहे हे बँकेला पटवायला याहून सोपा पुरावा नाही.

प्रत्यक्षात पहिले भांडवल बहुधा भिशीतून, सोसायटीतून किंवा ‘सौहार्द’ संस्थेतून येते. सौहार्द संस्था कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९९७ खाली चालतात. शहापूर-वडगावचा विणकर किंवा बाजारातला भाजीवाला रोज पिग्मी (दररोजची छोटी बचत) भरतो आणि त्या पुस्तकावरच त्याची पत ठरते. व्याज बँकेपेक्षा जास्त असते, पण माणूस ओळखीचा आणि भाषा आपली. मात्र संस्था सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) माहिती देत नसेल, तर तिथली चोख फेड पुढे बँकेत दिसत नाही. म्हणून सोसायटीत पत कमावतानाच बँकेतले चालू खाते हलते ठेवावे आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सुरू १ जुलै २०२०, फुकट) करून घ्यावी.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ किंवा व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातुकामाचे मशीन) टाकणाऱ्यांची चूक वेगळी असते. ते मशीनचे कोटेशन आणतात आणि बँक त्यावर मुदत कर्ज देते, पण खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या खर्चाचा पैसा, मागायचे राहून जाते. जॉबवर्कचे बिल दोन-तीन महिने लटकते आणि हप्ता मात्र महिन्याला येतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पण आपली उद्यम नोंदणी असेल तरच हे बोलून दाखवता येते. मुदत कर्जाच्या अर्जासोबतच कॅश क्रेडिटचा (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जाचा) अर्ज द्यावा आणि हप्ते सुरू होण्याआधी काही महिन्यांची सवलत लेखी मागून घ्यावी.