वीज आणि आर्थिक वाढ

वीज आणि आर्थिक वाढ : देशातील विजेचा वापर आणि त्या देशाचे उत्पन्न यांच्यातील परस्परसंबंध. हे दोन्ही आकडे बहुधा जोडीने चढतात. 1947 मध्ये भारताची वीजनिर्मिती क्षमता 1,362 मेगावॅट होती आणि दरडोई वापर वर्षाला जेमतेम 16 युनिट. 2023-24 पर्यंत क्षमता 4 लाख मेगावॅटच्या वर गेली आणि वापर 1,400 युनिटांच्या आसपास पोचला. यात कारण कोणते नि परिणाम कोणता, हा वाद मात्र मिटलेला नाही. जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी 1978 मध्ये अमेरिकेची 1947 ते 1974 ची आकडेवारी तपासली, तेव्हा उत्पन्न वाढते म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो, असे त्यांना आढळले. पुढच्या अभ्यासांत देश आणि कालखंड बदलला की उत्तरही बदलले. ब्रिटनमध्ये तर 2005 नंतर विजेचा वापर उतरला, उत्पन्न मात्र वाढतच राहिले. कारखानदारी परदेशी गेल्याचा यात वाटा आहे.

मुंबईच्या गिरण्यांत हा संबंध जवळून पाहता येतो. पूर्वी एका वाफेच्या इंजिनावर अख्खी गिरणी चाले आणि त्याचा कोळसा दुरून आणावा लागे. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता येथे घाटमाथ्यावरचे पावसाचे पाणी अडवले, ते सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला आणले आणि 1915 पासून त्यावरची वीज गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही वीजगृहे झाली. दरम्यान 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. या भरभराटीची किंमत मुळशी पेट्याने मोजली. भिऱ्याच्या वीजगृहासाठी टाटांनी तिथे बांधायला घेतलेल्या धरणात भाताची खाचरे बुडणार म्हणून तिथल्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते. धरण झालेच. राष्ट्रीय उत्पन्नात वीज मोजली जाते, बुडालेले गाव मोजले जात नाही. या विषयाच्या चर्चेत ही उणीव वारंवार राहते.

विजेची मोटार लहान आकाराचीही करता येते, हा तिचा मोठा गुण. वाफेच्या इंजिनाला गिरणीच हवी. मोटारीवर चालणारा यंत्रमाग घराच्या पडवीतही बसतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही गावे त्यावरच वाढली.

मात्र तारा पोचल्या म्हणजे वाढ पोचली असे नाही. सरकारी व्याख्येनुसार सार्वजनिक ठिकाणी आणि किमान 10 टक्के घरांत जोडणी असली की गाव विद्युतीकृत ठरते. त्या हिशेबाने एप्रिल 2018 मध्ये देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाली. वीज किती तास आणि कोणत्या वेळी येते, हे त्या व्याख्येत नाही. महाराष्ट्रात 2005 नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. गावात माग थांबत, पिठाची गिरणी बंद राही, पिकाला पाणी द्यायला शेतकरी रात्री विहिरीवर जाई. विजेचा दाब कमी पडला की मोटार जळे. डीपी, म्हणजे गावाला वीज देणारे रोहित्र, जळाली की ती बदलेपर्यंत पीक वाळे. ज्याला परवडे तो डिझेलचा जनित्रसंच घेई, आणि तसे प्रत्येक युनिट महाग पडे. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योगांकडून जास्त दर घेतला जातो, त्याचाही भार उत्पादनावर येतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तीत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून पंपांच्या वाहिनीला वीज दिली जाते.